केराची टोपली आणि रूपकाची मर्यादा

आपल्याकडे एखाद्या अर्जाला केराची टोपली दाखवली, की त्या अर्जाचे काम संपते. १९८४च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावरही अशीच टोपली होती. नको असलेली फाइल तिच्यात टाकायची. मात्र यंत्रात घातलेली फ्लॉपी बाहेर काढायची, तर तिचे चिन्हही ओढून याच टोपलीत टाकण्याची रीत पडली. मजकूर शाबूत राही, पण टाकणाऱ्याच्या पोटात गोळा येई. इंटरफेसची चर्चा करणारे अभ्यासक हे उदाहरण फसलेल्या रचनेचा नमुना म्हणून देतात. हा निवाडा अर्धाच खरा आहे.

उपमेत ‘सारखा’ हा शब्द दोन वस्तूंमध्ये अंतर राखतो. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद मानला जातो. कवितेतला अभेद ताणला गेला तरी वाचकाचे काही हरवत नाही. पडद्यावर मात्र त्याच अभेदावर विसंबून हात चालवायचा असतो. झेरॉक्सच्या १९८१च्या ‘स्टार’ यंत्रणेने टेबल, कागद, फोल्डर पडद्यावर आणले, ते कचेरीतल्या माणसाला कचेरी ठाऊक असते या भरवशावर. तरीही तिच्या रचनाकारांनी १९८२मध्ये ‘बाइट’ मासिकात लिहिताना भर दिला तो वापरणाऱ्याच्या मनातले प्रतिमान आधी ठरवण्यावर. प्रतिमान म्हणजे यंत्र काय करते याची मनात धरलेली समजूत. रूपक हे तिथवर नेणारी वाट, एवढेच.

या फरकाने टोपलीकडे पाहू. पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती १२८ किलोबाइट. हार्ड डिस्क नाही, आत फ्लॉपीची एकच खाच. नक्कल करताना दोन फ्लॉपी आलटूनपालटून घालाव्या लागत. म्हणून बाहेर काढलेल्या फ्लॉपीचीही यंत्र आठवण ठेवी. तिचे फिकट चिन्ह पडद्यावर उरे. ते टोपलीत टाकणे म्हणजे ‘आता हिला विसर’ असे सांगणे. फ्लॉपी आत असतानाच चिन्ह टोपलीत टाकले, तर बाहेर काढणे आणि विसरणे एकदमच होई. ‘माझ्या टेबलावरून हटव’ हे प्रतिमान सुसंगतच होते. विसंगती होती टोपलीच्या चित्रात. पुढे मॅक ओएस टेनमध्ये डिस्क ओढू लागताच टोपलीच्या जागी ‘बाहेर काढा’चे चिन्ह दिसू लागले. कृती तीच राहिली. बदलले ते चित्र.

टेड नेल्सन यांनी १९९०मध्ये संगणकरचनेतल्या रूपकांच्या आग्रहावरच टीका केली. पण रूपक मेले तरी प्रतिमान तगते. फ्लॉपी कधी न पाहिलेली मुलेही तिच्या चित्रावर बोट ठेवून काम जतन करतात, कारण त्या बोटाने काय होते हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आजचे रूपक ‘क्लाउड’चे. ढग म्हटले की वर, दूर, सुरक्षित ठेवलेला साठा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात कित्येक सेवांमध्ये फोन आणि ढग मिळून संग्रह एकच असतो. जागा मोकळी करायला फोनमधला फोटो पुसला, की तो ढगातूनही जातो आणि ठरावीक मुदतीनंतर परत मिळत नाही. गेलेल्या माणसाचा एकुलता फोटो असा हरवतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘आम्हाला यातलं कळत नाही.’ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८च्या पुस्तकात हेच दाखवले होते : रचना चुकते आणि माणूस स्वतःला दोष देतो. इंटरफेसच्या समीक्षेने रूपक किती देखणे आहे हे विचारण्याआधी ते काय झाकते, हे विचारायला हवे.