घोकणे, गिरवणे, घटवणे : कोसबाडच्या प्रयोगाची एक समीक्षा

लहान मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण ‘पुनरावृत्ती’ हा एकच शब्द वापरतो. मराठीत मात्र तीन क्रियापदे आहेत. पाढे घोकतात, धुळाक्षरे गिरवतात आणि अक्षर घटवतात, म्हणजे हाताला वळण लागेपर्यंत करतात. या तीन शब्दांच्या आधारे आपण बालशिक्षणातला एक गाजलेला प्रयोग तपासू.

१. मूळ कल्पना

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू केले. तिथली सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातले दट्ट्ये काढून पुन्हा आपापल्या खाचांत बसवत होती. भोवती गाणी चालू झाली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा ते करून ती आपणहून थांबली आणि दमलेली नव्हे, तर ताजीतवानी दिसली.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, तिला कोणी सांगितले नव्हते. दोन, चूक साहित्यच दाखवत होते. जाड-बारीक दट्ट्यांपैकी एक चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटचा दट्ट्या उरलेल्या खाचेत मावत नाही. अभियांत्रिकीच्या भाषेत हा फीडबॅक आहे. म्हणून इथली प्रत्येक आवृत्ती आधीच्या आवृत्तीसारखी नसते; तीत चूक कमी होत जाते. हे घटवणे झाले. घोकण्यात हा फीडबॅक नसतो. चुकीचे घोकले, तर चूकच पक्की होते.

२. कोसबाडचा बदल

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आजच्या पालघर जिल्ह्यात, वारली मुलांमध्ये रुजले. महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते. म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने वापरात आली. वर्ग अंगणात भरला, तसाच गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातही भरला.

या बदलाचे कौतुक करताना म्हटले जाते की साहित्य स्वस्त झाले, तत्त्व तेच राहिले. मला हे पूर्ण पटत नाही. शिंपले लहान-मोठ्या क्रमाने लावताना चूक झाली, तरी शिंपले काही बोलत नाहीत. चूक दाखवायला बाई लागतात. मग मूल ओळ लावते आणि बाईंच्या तोंडाकडे पाहत बसते. पुनरावृत्ती त्याची स्वतःची राहत नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. लाकडी ठोकळा शाळेच्या कपाटात राहतो. शाळा सुटली की सराव संपला. खडे आणि बिया घरी, कुरणात, कोणाच्याही परवानगीशिवाय मिळतात. कोसबाडने नेमकेपणा थोडा गमावला, पण पुन्हा करून पाहण्याची संधी कितीतरी वाढवली. माझ्या मते हा सौदा योग्यच होता.

शिवाय गमावलेला नेमकेपणा स्वस्तात परत आणता येतो. मातीच्या पाटीवर दहा खळगे करा आणि दहा चिंचोके द्या. प्रत्येक खळग्यात एकच ठेवायचा. एक चिंचोका उरला, की मुलाला चूक दिसते. स्वयंपाकघरातले एकात एक बसणारे डबे तर तयार दट्ट्येच आहेत.

३. आपल्याशी संबंध

मी कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये शिकवतो. बंगालमध्ये सरस्वतीपूजेला ‘हातेखोडी’ होते : मोठी माणसे मुलाचा हात धरून पहिले अक्षर गिरवून घेतात. आरंभ म्हणून हे सुंदर आहे. पण खरे शिक्षण तो हात सोडल्यावर सुरू होते. तुमच्यापैकी काही जण उद्या मुलांसाठी खेळणी आणि अ‍ॅप तयार करतील. प्रत्येक स्पर्शाला ‘शाबास’ म्हणणारे अ‍ॅप मुलाचा हात कधीच सोडत नाही. आणि १९७५ पासून देशभर पसरलेल्या अंगणवाडीत एकटी सेविका प्रत्येक मुलाजवळ बसू शकत नाही. तिथे चूक स्वतः दाखवणारे साहित्य ही चैन नव्हे, गरज आहे.

विचार करा : तुमच्या घरातले एखादे खेळणे घ्या. मुलाची चूक ते दाखवते, की मोठ्यांना दाखवावी लागते? मुलाला ते पुन्हा करून पाहावेसे का वाटेल?