प्रयोजनाकडून रूढीकडे : एका बोधचिन्हाचा अर्थविचार

बोधचिन्हाची चर्चा सामान्यतः चित्रकला व जाहिरात यांच्या कक्षेत होते. तथापि बोधचिन्ह हे अर्थ वाहणारे साधन असल्यामुळे त्यात घडणाऱ्या परिवर्तनाची परीक्षा शब्दशक्तीच्या निकषांवरही व्हावयास हवी. वन्यजीवसंरक्षणाच्या क्षेत्रातील सुपरिचित पांडा-मुद्रा या दृष्टीने विचारणीय आहे.

'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' ही संस्था १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९५८ मध्ये आणलेली ची-ची ही पांडा-मादी त्या वेळी लोकांच्या कौतुकाचा विषय झाली होती. जेराल्ड वॉटरसन यांच्या रेखाटनांवरून पक्षितज्ज्ञ व चित्रकार पीटर स्कॉट यांनी मुद्रा सिद्ध केली. प्राणी दुर्मिळ, रूप लोभस आणि वर्ण कृष्णधवल, म्हणून छपाईही अल्पखर्ची, अशी ही निवड होती.

मम्मटाने लक्षणेचे तीन हेतू सांगितले आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी योग आणि रूढी अथवा प्रयोजन. पांडा-मुद्रेस ते तंतोतंत लागू पडतात. संस्था केवळ पांडासाठी नव्हती, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. पांडा हा संकटग्रस्त जीवांपैकी एक, म्हणून योग सिद्ध होतो. आणि विनाशाच्या उंबरठ्यावरील जीवांविषयी करुणा जागविणे हे प्रयोजन होय. मूळ मुद्रा ही प्रयोजनवती लक्षणा होती.

पुढे १९७८, १९८६ व २००० या वर्षी मुद्रेचे रूप पालटले. यांपैकी १९८६ चे संस्करण 'लँडॉर' या अभिकल्प-संस्थेने केले. आरंभीच्या रेखाटनातील केसाळ पोत लोपला आणि सपाट काळे आकार तेवढे उरले. आजच्या आकृतीत मस्तक व पाठ यांना बाह्यरेषाच नाही. ती पाहणाराची दृष्टी पुरविते. व्याकरणात ज्यास अध्याहार म्हणतात, त्याचाच हा दृश्य प्रकार आहे. मितव्ययाची ही सिद्धी निःसंशय मोठी आहे. परंतु अध्याहार पूर्वपरिचयावर जगतो. ज्यास वस्तू आधीच ठाऊक आहे, तोच गाळलेले पद भरू शकतो.

त्याच १९८६ मध्ये संस्थेने 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' हे नाव स्वीकारले. अमेरिका व कॅनडा येथे मात्र जुनेच नाव राहिले. नावाचा अर्थ वन्यजीवापासून निसर्गापर्यंत विस्तारला. चित्र मात्र त्याच एका प्राण्यात अधिक घट्ट बसले. नाव व चित्र यांच्या गती अशा परस्परविरुद्ध असता दोहोंचा मेळ घालण्याचे काम केवळ रूढीवर पडते. 'कुशल' शब्दाचे असेच झाले. दर्भ तोडणारा हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. पण आज तो शब्द उच्चारताना कोणास दर्भ आठवत नाही. तद्वत पांडा-मुद्रा पाहून संस्था आठवते, प्राणी आठवतोच असे नाही.

यावर आक्षेप असा येईल की, ओळख पटविणे एवढेच बोधचिन्हाचे कार्य आहे. या आक्षेपात तथ्य आहे. 'डब्ल्यू डब्ल्यू एफ' या आद्याक्षरांवरून एका कुस्ती-व्यवसायाशी वाद झाला, तो न्यायालयात गेला आणि अखेर २००२ मध्ये त्या व्यवसायास नाव बदलावे लागले. अक्षरे कोणाचीही होऊ शकतात. त्या काळात पांडा मात्र एकाच संस्थेचा राहिला. ओळखीच्या कसोटीवर ही मुद्रा पूर्णतः यशस्वी आहे.

परंतु संरक्षणसंस्थेचे चिन्ह हे व्यापारी मालावरील छापासारखे नव्हे. काय राखावयाचे, हेही त्याने सुचवावे लागते. संस्थेची भारतीय शाखा १९६९ मध्ये मुंबईत स्थापन झाली, तीही याच चिन्हासह. या काळ्या-पांढऱ्या पांडाचा भारताच्या वनांत वास नाही. तेथे योग रूढीनेच मानावा लागतो. माळढोकाचे माळरान, नदीचा काठ वा कीटकांचे जग या चिन्हातून सहज सुचत नाही. शिवाय २०१६ मध्ये जागतिक संरक्षण संघटनेने पांडास 'संकटग्रस्त' या वर्गातून 'असुरक्षित' या कमी धोक्याच्या वर्गात आणले. ही घटना आनंदाची खरी. पण मूळ प्रयोजनही तितकेच क्षीण झाले.

सारांश, या नवसंस्करणांनी चिन्हाची स्मरणीयता वाढविली, व्यंजकता नव्हे. रूढ लक्षणेत व्यंग्यार्थ उरत नाही, हा आलंकारिकांचा सिद्धान्त येथे रेषांनीही खरा ठरविला आहे. आकृती सुबक करणे हे चित्रकाराचे काम. तिने काय सुचवावे, हे मात्र संस्थेलाच ठरवावे लागेल.