गोंधळाचा पंचनामा

मंडळाच्या यंदाच्या विनोदी कथास्पर्धेसाठी आलेल्या २२ कथा वाचण्याचे काम आम्हांकडे आले होते. त्यांपैकी १४ कथांत लग्नघर होते, आणि त्या १४ पैकी ११ कथांत ‘एकच गोंधळ उडाला’ हे वाक्य होते. नोकरीतली मोजण्याची सवय सुटत नाही, म्हणून हे आकडे. गोंधळ उडाल्याचे लेखक सांगतो. आम्हांला मात्र तो कोठे दिसत नाही.

१९८५ च्या सुमारास, सरकारी नोकरीत नवे असताना, एका धान्याच्या दुकानासमोरील हाणामारीचा अहवाल आम्ही लिहिला होता. तेथे प्रचंड गोंधळ माजला होता, असे एक वाक्य गुजरातीत मोठ्या हौसेने घातले. वरिष्ठांनी त्यावर लाल रेघ ओढून समासात तीन प्रश्न लिहिले. माणसे किती? दुकानाचे दार कोणत्या दिशेला? तराजू कोणाच्या हातात होता? तिसऱ्याचे उत्तर शोधून लिहिले तेव्हा सारी कचेरी हसली. तराजू दुकानदाराच्या सासूबाईंच्या हातात होता.

चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) आमच्या बडोद्याचे. ते येथे पाली शिकवीत आणि संस्थानच्या दप्तराचेही काम त्यांनी पाहिले, हे जुन्या कुटुंबांना सांगावयास नको. ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) व ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) ही पुस्तके आम्ही पुन्हा काढून वाचली. चिमणराव स्वतःची फजिती सांगतो, पण सांगताना हसत नाही. प्रामाणिक कारकुनाने कैफियत द्यावी, तशी त्याची रीत. बेत काय ठरला होता, कोणी कोणते काम अंगावर घेतले होते, हे तो आधी नीट सांगून घेतो. बेत वाचकाच्या मनात पक्का बसला की मग तो मोडतो. नवे लेखक नेमके हेच गाळतात. त्यांच्या कथेत पहिल्या ओळीपासून सारे मोडलेलेच असते. मग मोडल्याचे हसू यावे कशाचे?

गुंड्याभाऊची योजनाही आम्हांस याच दृष्टीने महत्त्वाची वाटते. धडाडीने पुढे व्हावयाचे ते गुंड्याभाऊने, आणि भीत भीत पाहावयाचे ते चिमणरावाने. त्यामुळे कितीही धांदल झाली तरी तिच्याकडे पाहणारे डोळे एकाच जागी राहतात. दूरदर्शनवरील चिमणराव आम्हांलाही आवडला. दिलीप प्रभावळकरांचे काम उत्तमच होते. पण हा सांगणारा आवाज छापील पानावरच भेटतो.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’मध्ये तर गाडीच थांबते. एस. टी.समोर म्हैस आडवी येते आणि पुढचा सारा गलका त्या एका जागेभोवती चालतो. उतारूंची ओळख गाडी चालू असतानाच करून दिलेली असते. म्हणून पुढे अनेक तोंडे एकदम बोलू लागली तरी कोण बोलतो हे निराळे सांगावे लागत नाही, बोलीवरूनच कळते. आणि तेथेही पंचनामा आहेच!

गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ कोणी अपवाद म्हणून पुढे करील. तेथे अतिशयोक्तीचे डोंगर आहेत, हे खरे. परंतु ठकीच्या लग्नाची खटपट त्यांनी लष्करी मोहिमेच्या शिस्तीने मांडली आहे. नवोदितांनी त्या वाटेस जाऊ नये, हे आमचे मत. ती भाषा उसनी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांस खटकते. आमच्या घरांतील नवी पिढी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. तयार वाक्प्रचारांतून तिच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. पायरी आणि पातेले मात्र तिने पाहिलेले असते. तिलाही हसू यावे असे वाटत असेल, तर कथेत पायरी आणि पातेले हवे.

हे आठवण्याचे कारण स्पर्धेतीलच एक कथा. दांडिया बाजारातील जुन्या घरात मुंज आहे. लेखिकेने पहिली दोन पाने जिन्यावर घालविली आहेत: पायऱ्या अकरा, सातवी हलणारी, कठडा एकाच बाजूला. खरे सांगावयाचे तर आम्ही कंटाळलो होतो. तिसऱ्या पानावर श्रीखंडाचे पातेले वर निघाले, वरून बटूची आत्या भरलेली कळशी घेऊन उतरू लागली, आणि मध्ये ती सातवी पायरी होती. प्रसंग तीन ओळींत संपला. त्यांत विशेषण एकही नाही. आम्ही एकटेच घरात मोठ्याने हसलो.

सहपरीक्षकांनी ‘वर्णन पाल्हाळिक’ असा शेरा मारून गुण कापले. जिना काढला तर आत्या पडणार कोठे, असे आम्ही बैठकीत विचारले; वाद बराच झाला आणि कथेस तिसरे पारितोषिक मिळाले. ती पुढील अंकात येत आहे. जागेच्या अभावी काही गाळावेच लागले, तर संपादकांनी आमचा हा लेख गाळावा. जिन्याला कात्री लावू नये.