विद्यार्थिलेखनाच्या स्पर्धा आणि त्यांची नियमपत्रके : एक परीक्षण

विद्यार्थ्यांच्या लेखनास व संशोधनास उत्तेजन मिळावे या हेतूने विद्यापीठांतून आणि महाविद्यालयांतून निबंध, कथा, भाषांतर व शोधनिबंध यांच्या स्पर्धा दरवर्षी भरविल्या जातात. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी २००६ पासून भरत आलेल्या 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन महोत्सवात मानव्यविद्या, भाषा व ललितकला यांचा एक विभाग असतो. महाविद्यालयीन पातळीवरील लहानमोठ्या स्पर्धा निराळ्याच. अशा स्पर्धांचे निकाल लागले की परीक्षकांच्या अभिरुचीविषयी व निःपक्षपातीपणाविषयी चर्चा होते. परंतु परीक्षकाच्या हाती लेखन पडण्यापूर्वीच त्याचा एक निवाडा होऊन गेलेला असतो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा निवाडा नियमपत्रकाने केलेला असतो.

नियमपत्रक हा कचेरीचा कागद म्हणून आपण वाचून बाजूला ठेवतो. वस्तुतः तोही एक मजकूर आहे, आणि त्यातील प्रत्येक विधानामागे भाषेविषयीची काही गृहीते असतात. शब्द म्हणजे काय, अक्षर म्हणजे काय, लेखन 'मराठीत' असणे म्हणजे काय, या प्रश्नांची उत्तरे ते न विचारताच देऊन टाकते. ही उत्तरे बहुधा इंग्रजी लेखनव्यवहारातून उसनी घेतलेली असतात, आणि त्यांचा भार मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यावर पडतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. कोणत्याही एका स्पर्धेस दोष देण्याचे येथे प्रयोजन नाही. अशा पत्रकांतून पुन्हा पुन्हा आढळणारी विधाने तेवढी तपासावयाची आहेत.

१. शब्दांची मर्यादा

'निबंध १५०० शब्दांचा असावा' हे असे पहिले विधान. येथे 'शब्द' म्हणजे काय हे सांगितलेले नसते. व्यवहारात संगणकावरील लेखनप्रणाली दोन मोकळ्या जागांमधील चिन्हसमूहास एक शब्द मानते, आणि तीच गणना प्रमाण धरली जाते. म्हणजे व्याकरणाचा प्रश्न लेखनरूढीवर सोपविला जातो. आता 'गावातील घरांमध्ये' हा पदबंध घ्या. मराठीत तो दोन शब्दांचा आहे. त्याच अर्थाचा 'गाँव के घरों में' हा हिंदी पदबंध चार शब्दांचा, तर 'इन द हाउसेस ऑफ द व्हिलेज' हा इंग्रजी पदबंध सहा शब्दांचा भरतो. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या सामान्यरूपास जोडून लिहिली जातात. 'घरीच', 'त्यानेही' यांतील 'च' आणि 'ही' यांनाही स्वतंत्र जागा मिळत नाही.

एका पदबंधावरून तीन भाषांचे कायमचे प्रमाण ठरविता येणार नाही, हे उघड आहे. तथापि फरक कोणत्या दिशेचा आहे याविषयी संशय राहत नाही. तिन्ही भाषांतील लेखन स्वीकारणाऱ्या स्पर्धेने सर्वांना एकच कमाल मर्यादा घातली, तर मराठी लेखकास अधिक मोकळीक मिळते. एकच किमान मर्यादा घातली, तर त्यालाच अधिक मजकूर लिहावा लागतो. दोन्ही वेळा समानतेच्या नावाखाली असमानता घडते. एवढ्यावरच हे थांबत नाही. 'विचार करण्या सारखा' असे चुकीने तोडून लिहिणाऱ्याचे तीन शब्द मोजले जातात, आणि 'विचार करण्यासारखा' असे नियमाप्रमाणे लिहिणाऱ्याचे दोन. ज्या पत्रकात पुढे शुद्धलेखनासाठी गुण राखून ठेवलेले असतात, तेच पत्रक किमान शब्दसंख्येच्या अटीने अशुद्ध लेखनास मुभा देते, ही विसंगती परीक्षकांच्याही ध्यानात येत नाही.

२. अक्षरांची आणि पृष्ठांची मर्यादा

प्रवेशिका संगणकावरील नमुन्यात भरावयाची असल्यास शोधनिबंधाचा सारांश, उदाहरणार्थ, '५०० अक्षरांत' मागितला जातो. येथे घोटाळा अधिक खोल आहे. 'विद्यार्थ्यांनी' हा एकच शब्द पाहा. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यात वि, द्या, र्थ्यां, नी अशी चार अक्षरे आहेत. युनिकोड या संकेतनात व्यंजन, हलन्ताचे चिन्ह, मात्रा आणि अनुस्वार हे सारे स्वतंत्र संकेत असल्यामुळे त्याच शब्दाचे पंधरा संकेत होतात. आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साठवणपद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट व्यापत असल्यामुळे बाइटगणनेने हाच शब्द ४५ चा होतो. चार, पंधरा आणि पंचेचाळीस, यांपैकी पत्रकास अभिप्रेत आकडा कोणता? साध्या रोमन अक्षराच्या बाबतीत अक्षर, संकेत व बाइट या तिन्ही गणना एकच येतात. म्हणून हा प्रश्न इंग्रजी नमुना रचणाऱ्यास सुचतही नाही. परिणामी सारांश मध्येच तुटतो, आणि विद्यार्थ्यास आटोपशीर लिहिता येत नाही असा शेरा मिळतो.

पृष्ठमर्यादेचेही असेच आहे. '१२ आकाराचे अक्षर' असे म्हणून भागत नाही, कारण 'मंगल' आणि 'कोकिला' या दोन प्रचलित फॉन्टांतील त्याच आकाराची अक्षरे प्रत्यक्षात लहानमोठी दिसतात. एकाची दहा पृष्ठे दुसऱ्याच्या दहा पृष्ठांएवढी नसतात.

३. 'युनिकोड फॉन्ट' नावाचा गैरसमज

'लेखन युनिकोड फॉन्टमध्ये टंकलिखित असावे' हे वाक्य आता रूढच झाले आहे. युनिकोड हा फॉन्ट नव्हे. ते अक्षरचिन्हांना क्रमांक देणारे संकेतन आहे. फॉन्ट म्हणजे त्या क्रमांकांना मिळणारे दृश्य रूप. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी निघाली. तीत देवनागरीस १२८ स्थानांचा गट मिळाला. परंतु छपाईच्या व्यवसायात दीर्घ काळ निराळीच तऱ्हा चालत आली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवून फॉन्ट तयार केले गेले. पडद्यावर व कागदावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच राही. असे लेखन तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते.

ही जुनी तऱ्हा आजही मोडीत निघालेली नाही, आणि याचे कारण विद्यार्थी नव्हे. ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही असा विद्यार्थी हस्तलिखित घेऊन गावातील डीटीपी केंद्रात जातो. तेथे वर्षानुवर्षे जुन्या फॉन्टावर हात बसलेला असतो. पानामागे पैसे मोजून तयार करून घेतलेले ते लेखन 'तांत्रिक कारणास्तव' बाद होते. पत्रकातील एका चुकीच्या शब्दाने हे संकट टाळण्याचा मार्गही बंद केलेला असतो, कारण 'युनिकोड नावाचा फॉन्ट' शोधणाऱ्यास तो कधीच सापडत नाही.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याची अडचण याहून गंभीर आहे. बोलीचे नमुने नोंदविताना तो मराठी मजकुरातच ध्वनिलेखनाची आंतरराष्ट्रीय चिन्हे वापरतो. सर्व प्रवेशिका एकसारख्या दिसाव्यात म्हणून संयोजकाने संपूर्ण लेखास एकच फॉन्ट लावला, आणि त्या फॉन्टात ती चिन्हे नसली, तर त्यांच्या जागी रिकामे चौकोन उमटू शकतात. ही चिन्हे सजावटीची नसून तीच संशोधनाचा पुरावा असतात. पुरावा पुसून टाकलेला शोधनिबंध वाचून परीक्षकाने विधाने निराधार ठरविली, तर त्यास तरी दोष कसा द्यावा?

युनिकोडमध्ये लिहिले म्हणजे सर्व प्रश्न मिटतात असेही नाही. 'ॲ' हा स्वर एकाच संकेताने लिहिता येतो, किंवा 'अ' व वरील चंद्र असा दोन संकेतांनी. एकेरी संकेत युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्यापूर्वीची सवय अनेकांच्या हातात राहिली आहे. 'दऱ्या' या शब्दातील रफारही दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. डोळ्यांस रूप एकच दिसते. यंत्राच्या शोधास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात.

४. साम्यशोधाचा न्याय

यंत्राचे हे अंधत्व सर्वांत महाग पडते ते वाङ्मयचौर्याच्या तपासणीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, आणि सामान्य ज्ञानाची वा योगायोगाने जुळणारी चौदा सलग शब्दांपर्यंतची रचना गणनेतून वगळावयाची आहे. हेच आकडे एखाद्या विद्यार्थिस्पर्धेने उचलले की दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, चौदा शब्दांत इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक आशय मावतो, हे वर पाहिलेच. तेव्हा एकच आकडा दोन भाषांत दोन मापांचा होतो. दुसरा प्रश्न अधिक अस्वस्थ करणारा आहे. जुन्या फॉन्टातील लेखन यंत्रास वाचताच येत नाही. म्हणून तसे लेखन संपूर्ण उतरवून काढलेले असले, तरी साम्य शून्याच्या जवळपास दिसू शकते. उलट नीट युनिकोडमध्ये लिहून रीतसर अवतरणे देणाऱ्याचे साम्य मोजले जाते. ज्या तपासणीत प्रामाणिक विद्यार्थी सापडतो आणि अप्रामाणिक निसटतो, तिला तपासणी म्हणणे कठीण आहे.

५. व्यवस्थेचे दोष

आतापर्यंतचे दोष तांत्रिक होत. परंतु त्यांना धार येते ती व्यवस्थेच्या ढिलाईमुळे. प्रवेशिका विभागप्रमुखांच्या सहीने, प्राचार्यांच्या शिक्क्यासह आणि महाविद्यालयामार्फत पाठवावी, अशी अट असते. त्यामुळे विद्यार्थ्याने वेळेवर दिलेले लेखन सहीसाठी पडून राहते, शेवटच्या दिवशी सर्व महाविद्यालये एकाच वेळी प्रवेशिका पाठवू लागतात, आणि यंत्रणा कोलमडते. लेखन पोहोचल्याची पोच महाविद्यालयास मिळते, क्वचित कोणासच मिळत नाही. ज्याचे लेखन आहे तो निकालापर्यंत अंधारात राहतो.

परीक्षकास लेखकाचे नाव कळू नये म्हणून मुखपृष्ठ काढून टाकतात, पण फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे किंवा डीटीपी केंद्राचे नाव तसेच राहते. शुद्धलेखनाचे गुण महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेल्या आणि १९७२ मध्ये वाढविलेल्या नियमांनुसार दिले जातात, हे योग्यच. परंतु टंकन दुसऱ्याने केले असेल, तर ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कोणाच्या खात्यावर मांडावयाच्या? पत्रक याविषयी मौन पाळते.

६. आक्षेप आणि सूचना

यावर असा आक्षेप येईल की, नियम सोपे व मोजता येण्याजोगे असावेत. भाषावैज्ञानिक चिकित्सेत शिरल्यास संयोजकांना काम करणे अशक्य होईल. सोपेपणाची ही मागणी रास्त आहे. परंतु आजचे नियम सोपे नाहीत. त्यांतील अडचण न लिहिल्यामुळे ते तसे भासतात, आणि ती अडचण शेवटी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. दुसरा आक्षेप असा की, लेखन पीडीएफ स्वरूपात मागितले की फॉन्टचा प्रश्न उरत नाही. फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत असेल, तर वाचण्यापुरते ते खरे आहे. पण पीडीएफमधून देवनागरी मजकूर बाहेर काढताना मात्रांचा क्रम पुष्कळदा बिघडतो, म्हणून गणना व साम्यशोध यांस तो उपाय अपुरा पडतो.

यास्तव पुढील सूचना कराव्याशा वाटतात. शब्दसंख्या प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र ठरवावी, व तीत दहा टक्क्यांची सवलत असावी. नमुन्यातील मर्यादा मराठी अक्षरांत सांगावी आणि यंत्राची मर्यादा तिच्याहून बरीच सैल ठेवावी. 'युनिकोड फॉन्ट' हा शब्दप्रयोग सोडून, स्वीकारार्ह अशा दोनतीन फॉन्टांची नावे द्यावीत. प्रत्येक लेखनाची पीडीएफ व संपादनयोग्य अशी दोन्ही रूपे घ्यावीत. पहिले परीक्षकासाठी, दुसरे गणनेसाठी. जुन्या फॉन्टातील लेखन बाद न करता रूपांतरासाठी मुदत द्यावी. पोच थेट विद्यार्थ्यास द्यावी, आणि तांत्रिक कारणाने लेखन नाकारले गेल्यास ते कारण लेखी कळवावे. अंतिम दिनांकापूर्वी एक आठवडा चाचणीसाठी प्रवेशिका स्वीकारल्यास निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

यांपैकी कोणत्याही सूचनेस मोठा खर्च येत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी दोनचार प्रचलित नियमपत्रकांचे असे परीक्षण प्रात्यक्षिक म्हणून केले, तर विभागास एक आदर्श मसुदा सहज तयार करता येईल. केंद्र शासनाने २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दर्जाचा अर्थ विद्यार्थ्याला प्रथम कळतो तो व्यासपीठावरील भाषणातून नव्हे, तर मराठीत लिहिलेले आपले पान दुसऱ्या टोकास शाबूत पोहोचते की नाही यावरून. ते पोहोचत नसेल, तर पुढील वर्षी तो स्पर्धेसाठी इंग्रजीत लिहील, किंवा लिहिणारच नाही. स्पर्धेच्या निकालपत्रकात या हानीची नोंद कोठेही होणार नाही.