कोरड्या किनाऱ्याचे वाचन : गॉयतिसोलोचा 'नीखारचा माळ' आणि नंतरचा आल्मेरिया

खुआन गॉयतिसोलो (१९३१–२०१७) या स्पॅनिश लेखकाचे 'काम्पोस दे नीखार' हे लहानसे प्रवासवर्णन १९६० साली प्रसिद्ध झाले. मराठीत त्याला 'नीखारचा माळ' म्हणता येईल. नीखार हे स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यातील आल्मेरिया प्रांतातले गाव. त्याच्या दक्षिणेला काबो दे गाता हे भूशिर आहे. तिथे वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. जो पडतो तोही दोनचार सरींत कोसळून कोरड्या ओढ्यांतून समुद्राला मिळतो. युरोपातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांत या भागाची गणना होते.

या पुस्तकाचे वाचन आजवर मुख्यतः सामाजिक वास्तववादाच्या अंगाने झाले आहे, आणि ते रास्तच आहे. निवडुंगाची फळे विकायला बसलेला आणि गिऱ्हाईक न मिळणारा म्हातारा, गावातले कुंभार, पोटासाठी परगावी गेलेली माणसे यांचे हे चित्रण आहे. फ्रँकोच्या सेन्सॉरची कात्री डोक्यावर असल्याने लेखक निष्कर्ष काढत नाही. माणसांना बोलू देतो आणि पुढे चालू लागतो. ही संयत शैली पुस्तकाचे बळ ठरली. मात्र आज ते वाचताना आणखी एक गोष्ट जाणवते. १९६० साली स्पेनमध्ये सुमारे ६० लाख परदेशी प्रवासी येत. २०२४ साली हा आकडा ९ कोटी ४० लाखांच्या घरात गेला. म्हणजे गॉयतिसोलो ज्या किनाऱ्यावरून चालला, तो लाट येण्याच्या आदल्या क्षणीचा किनारा होता.

या लेखनाच्या गाभ्यात एक ताण आहे. आल्मेरियाचे उघडेबोडके डोंगर, पांढरी घरे आणि लख्ख उजेड लेखकाला वेड लावतात. त्याच वेळी त्याला कळते की, पाहुण्याला मोहवणारा हा कोरडेपणा इथे राहणाऱ्याच्या घशाला पडलेली कोरड आहे. आपण सुंदर म्हणतो ते कोणाच्या हलाखीच्या जिवावर, हा प्रश्न तो सोडत नाही. पर्यटनाच्या धंद्याने पुढे नेमका हाच प्रश्न बाद केला आणि कोरडेपणाचेच भांडवल केले. उत्तर युरोपातल्या माणसाला विकायचे असते ते हमखास ऊन. पाऊस नाही हाच मालाचा गुण, आणि पाऊस नाही म्हणून पाणीही नाही. मालाच्या गुणातच त्याचा नाश दडलेला असावा, असा हा व्यवहार आहे.

त्याची कार्यपद्धती साधी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस शून्यावर येतो आणि गर्दी शिगेला पोहोचते. पोहण्याचे तलाव, हिरवळी, गोल्फची मैदाने, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरी या सगळ्यांची तहान त्याच आठवड्यांत लागते. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून बेसुमार उपसा झाला की गोड्या पाण्याचा दाब घटतो आणि समुद्राचे पाणी जमिनीखालून आत शिरते. खारावलेला भूजलसाठा पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे लागतात. याच किनाऱ्यावर उत्तरेला असलेल्या बेनिदोर्म या पर्यटननगरीला १९७८च्या दुष्काळात जहाजांनी पाणी आणून द्यावे लागले होते.

यावर उपाय म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प आले. काबो दे गाताच्या उत्तरेला कार्बोनेरास येथे युरोपातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक उभा आहे. पण असे पाणी विजेवर चालते, आणि मागे उरलेले दाट खारे पाणी पुन्हा समुद्रातच सोडावे लागते. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिदोनिया नावाच्या वनस्पतीची कुरणे आहेत. ती अत्यंत सावकाश वाढतात आणि खारटपणातली वाढ त्यांना सोसत नाही. बोटींचे नांगर त्यांना मुळासकट उपटतात. तिची वाळलेली पाने किनाऱ्यावर साचून वाळू धरून ठेवतात. प्रवाशांना तो कचरा वाटतो म्हणून ती उचलली जातात आणि मग वाळू वाहून जाते.

इथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. आल्मेरियातले सगळे पाणी पर्यटनाने प्यायले असे म्हणणे खोटे ठरेल. प्रांतातली हजारो हेक्टर जमीन प्लॅस्टिकच्या हरितगृहांखाली आहे आणि एकूण हिशेबात शेतीच अधिक पाणी पिते. पर्यटनाचा वाटा लहान, पण तो मोजक्या जागी आणि मोजक्या दिवसांत एकवटलेला असतो. शिवाय तो जमिनीचे असे रूपांतर करतो की मागे फिरता येत नाही.

या रूपांतराची सर्वांत बोलकी कहाणी कार्बोनेरासजवळच्या अल्गारोबिको या पुळणीची आहे. १९६२ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी डेव्हिड लीनने अकाबा शहराचा देखावा इथेच उभारला. किनारा ओसाड होता म्हणूनच तो अरबस्तान होऊ शकला. चित्रीकरणानंतर देखावा गेला, किनारा राहिला. १९८७ साली काबो दे गाता-नीखार हे संरक्षित निसर्गउद्यान घोषित झाले. १९८८च्या कायद्याने किनाऱ्यालगत शंभर मीटरचा संरक्षणपट्टा आखून दिला. तरीही २००३ साली नगरपालिकेच्या परवान्यावर याच पुळणीवर ४११ खोल्यांच्या हॉटेलचे बांधकाम सुरू झाले. २००६ साली न्यायालयाने ते थांबवले. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी त्याच्या दर्शनी भागावर 'बेकायदा हॉटेल' अशी प्रचंड अक्षरे रंगवली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन बांधकामास अपात्र ठरवली. तरी त्यानंतरही कित्येक वर्षे तो पांढरा सांगाडा डोंगराला टेकून उभाच राहिला. एकही पाहुणा न राहता त्याने पुळण गिळली.

गावातल्या अनेकांना हे हॉटेल हवे होते, कारण ते नोकऱ्या देणार होते. इथे गॉयतिसोलोच्या पुस्तकाची मर्यादा आणि मोल दोन्ही उघड होतात. मर्यादा अशी की, त्याला कोरडेपणा हा राज्यकर्त्यांच्या उपेक्षेचा परिणाम वाटतो. रस्ते, पाणी, काम आले की प्रश्न सुटेल, असा त्या काळातल्या पुरोगामी लेखकाचा विश्वास त्यामागे आहे. रस्ते आले, कामही आले; पण भूमीची ऐपत किती, हा प्रश्न त्या विश्वासात बसत नव्हता. मोल असे की, त्याने उपेक्षा नोंदवली नसती, तर चाळीस वर्षांनंतर गावाने बेकायदा हॉटेलच्या बाजूने का उभे राहावे, हे आपल्याला समजलेच नसते. ज्या गावाला कोणी काहीच दिले नाही, ते पहिला देणारा येताच दार उघडते. त्या गावाला लोभी म्हणणे सोपे आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. कोकणात पाऊस भरपूर, पण एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचे तळ दिसतात आणि नेमक्या त्याच सुट्ट्यांत पाहुणे येतात. २०१९च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा ना-विकास पट्टा दोनशे मीटरवरून पन्नासवर आणला. आपल्या प्रवासवर्णनांत निळा समुद्र, माडांची रांग आणि माशांचे ताट असते. यजमानाच्या अंगणातला पाण्याचा टँकर सहसा नसतो.

म्हणून 'नीखारचा माळ' आज पर्यावरणाचे पुस्तक म्हणूनही वाचायला हवे, जरी लेखकाने तसे ते लिहिले नसले तरी. सौंदर्याची दाद देतानाच 'इथे पाणी कोण भरते?' हे विचारणे त्याने प्रवासवर्णनाला शिकवले. दृश्य टिपणारे लेखन जाहिरातीच्या कामी येते. पाणी भरणाऱ्याचे नाव विचारणारे लेखन तसे वापरता येत नाही, आणि किनाऱ्याच्या बाजूने साहित्याला जे करता येते ते बहुधा एवढेच आहे.