कन्सोलवरील ग्राफिक्स : वेग कोणाचा?

डेस्कटॉप मुळीच न चालविता लिनक्सच्या कन्सोलवर ग्राफिक्स कार्डाचा वेग उपयोगात आणता येतो, असे विधान वारंवार केले जाते. विधान खरे आहे. परंतु ज्या अर्थाने ते बहुधा घेतले जाते, त्या अर्थाने नव्हे. ‘कन्सोल’ या एका शब्दाखाली येथे दोन भिन्न वस्तू येतात : एक, कर्नलमधील अक्षरे दाखविणारा फ्रेमबफर कन्सोल; आणि दुसरी, त्यास बाजूस सारून स्क्रीनचा ताबा घेणारा एखादा प्रोग्रॅम. वेग मिळतो तो दुसऱ्यास. पहिला आजही प्रायः सीपीयूच्याच बळावर अक्षरे रेखाटतो.

हा भेद पूर्वपीठिकेशिवाय ध्यानात येत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात एसव्हीजीएलिब या लायब्ररीने कन्सोलवर चित्रे काढण्याची सोय करून दिली. पण तिचे प्रोग्रॅम थेट हार्डवेअरशी बोलत, त्यासाठी त्यांना रूटचे अधिकार लागत, आणि प्रोग्रॅम मध्येच कोसळला तर स्क्रीन निरुपयोगी होऊन बसे. १९९९ च्या २.२ या आवृत्तीतील फ्रेमबफर व्यवस्थेने हा व्यवहार कर्नलच्या देखरेखीखाली आणला. तिचा उगम मोटोरोलाच्या ६८००० कुळातील अमिगा, अटारी यांसारख्या यंत्रांसाठी झालेल्या कामात आहे, कारण तेथे पीसीप्रमाणे तयार टेक्स्ट मोड नव्हता. तिने प्रोग्रॅमच्या हाती दिली ती स्क्रीनची मेमरी. कार्डावरील त्रिमित ग्राफिक्सचे यंत्र नव्हे. त्या यंत्राकडे जाणारा डीआरएमचा मार्ग प्रारंभी एक्स सर्व्हरच्याच सेवेसाठी बांधला गेला होता. ‘डेस्कटॉपशिवाय प्रवेग नाही’ ही समजूत त्या काळात अगदी अयथार्थ नव्हती.

मार्च २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीपासून स्क्रीनचा मोड ठरविण्याचे काम एक्सकडून कर्नलकडे येऊ लागले. केएमएस हे त्याचे नाव. मेसामधील जीबीएम ही लायब्ररी त्यास जोडली गेली, आणि विंडो-व्यवस्था नसतानाही ईजीएलला चित्र रंगविण्यासाठी पृष्ठभाग मिळाला. प्रोग्रॅम डीआरएमची फाईल उघडतो, कोणत्या कनेक्टरला मॉनिटर जोडलेला आहे ते पाहतो, मोड निवडतो, जीबीएमच्या बफरमध्ये कार्डाकडून चित्र काढवितो, आणि पुढील फ्रेमच्या वेळी तो बफर स्क्रीनवर आणण्याची विनंती करतो. केएमएसक्यूब हा फिरत्या घनाचा लहानसा नमुना एवढेच करतो, आणि अभ्यासकाने प्रथम तोच वाचावा.

प्रवेगाची गरज किती, हे साध्या गुणाकाराने कळते. १९२० × १०८० बिंदूंची स्क्रीन, प्रत्येक बिंदूस ४ बाइट, म्हणजे एका फ्रेमला ८२,९४,४०० बाइट; सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर सुमारे ५० कोटी बाइट. ३८४० × २१६० च्या स्क्रीनला याच्या चौपट. केवळ लिहिण्याचा हा हिशेब आहे. जुने चित्र कार्डाच्या मेमरीतून परत वाचावे लागले तर सीपीयूची गती त्याहून फार घसरते.

तथापि चित्र दिसले म्हणजे प्रवेग मिळाला, असा निष्कर्ष काढणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. योग्य ड्रायव्हर सापडला नाही तर मेसा निमूटपणे एलएलव्हीएमपाइपकडे वळते. घन फिरतच राहतो, फक्त तो फिरवितो सीपीयू. रेंडररचे नाव छापून पाहिल्यावाचून कोणतेही मापन ग्राह्य धरू नये. एनव्हिडियाच्या मालकी ड्रायव्हरची अडचण निराळी होती : त्याने दीर्घकाळ ईजीएलस्ट्रीम्सचा वेगळा मार्ग धरला, आणि जीबीएमचा स्वीकार केला तो २०२१ मधील ४९५ मालिकेत. तोवर ‘एकच मार्ग सर्व कार्डांना’ हे म्हणणे सदिच्छेपलीकडे जात नव्हते.

खरा आक्षेप याहून मूलगामी आहे. स्क्रीनचा मोड बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रॅमकडे असतो. त्यामुळे असा प्रोग्रॅम कन्सोलचा पाहुणा राहत नाही, घरमालक होतो. कीबोर्ड वाचणे, दुसऱ्या कन्सोलवर जाताना ताबा सोडणे, परतल्यावर तो पुन्हा मिळविणे, हे सारे त्याच्याच अंगावर पडते. डेस्कटॉप टाळण्याच्या नादात प्रत्येक लेखक स्वतःचा एक अर्धवट डेस्कटॉप लिहितो! प्रदर्शनातील पडदा किंवा व्हिडिओ दाखविणारे यंत्र यांसाठी केजसारखा एकच प्रोग्रॅम चालविणारा वेलँड कंपोझिटर अधिक शहाणपणाचा ठरतो.

इकडे मूळ कन्सोलची वाटचाल उलट दिशेने झाली. २०२० मध्ये मागील मजकूर वर सरकवून पाहण्याची त्याची सोय, देखभाल नसलेल्या कोडमधील दोषांमुळे, काढून टाकण्यात आली. त्यापाठोपाठ कार्डाच्या साहाय्याने मजकूर सरकविणेही बंद झाले; डीआरएमच्या मोजक्याच ड्रायव्हरांत ते उरले होते. जुन्या यंत्रांच्या वापरकर्त्यांची तक्रार रास्त ठरून २०२२ मध्ये ते परत आले, पण ऐच्छिक पर्याय म्हणून.

मराठी वाचकास या उपेक्षेची झळ विशेष लागते. कर्नलच्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हे ठाऊक असतात, आणि प्रत्येक चिन्ह ठराविक चौकटीत बसवावे लागते. ‘कि’ मधील वेलांटी अक्षरापूर्वी मांडणे वा ‘त्र’ चे जोडाक्षर घडविणे त्यास साधत नाही. डेव्हिड हेरमान यांच्या केएमएसकॉनने कन्सोल कर्नलबाहेर आणून, ओपनजीएलने अक्षरे रंगवून आणि पँगोचा आधार घेऊन या कोंडीवर उपाय सुचविला. मूळ लेखकाचे काम थंडावल्यावर इतरांनी ते पुढे चालविले, ही समाधानाची गोष्ट. मात्र तेथेही समान रुंदीच्या चौकटींचे जाळे कायम आहे, आणि देवनागरीचे जोडाक्षर त्या जाळ्यात नीट बसत नाही. ती अडचण ग्राफिक्स कार्डाच्या वेगाने सुटणारी नाही. टर्मिनलची चौकट मोजण्याची रीतच त्यासाठी बदलावी लागेल.