‘लॉस’ : एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ आणि काला अंबची साक्ष

प्रस्तावना

पानिपत शहराजवळ ‘काला अंब’ नावाचे एक ठिकाण आहे. आज हा भाग दिल्लीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो. १४ जानेवारी १७६१ रोजी येथे पानिपतची तिसरी लढाई झाली. तिचे स्मारक म्हणून विटांचा एक स्तंभ आणि त्याभोवती बाग आहे. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते आणि सांडलेल्या रक्ताने ते काळे पडले, अशी आख्यायिका सांगतात. मराठी वाचकाला ‘काला’ म्हटले की आधी गोपाळकाला आठवतो. हिंदी ‘काला’ म्हणजे आपला ‘काळा’ हे क्षणभराने ध्यानात येते. शब्द ओळखीचा वाटला तरी अर्थ वेगळा निघू शकतो, ही या पाठाची सुरुवात समजा.

या पाठात ‘लॉस’ हे नाम आणि त्याचे क्रियापद ‘लूज’ यांचा विचार करू. हे शब्द आपण रोज वापरतो, पण भाषांतर करताना फसतो. उदाहरणार्थ, पानिपतात मराठ्यांनी विश्वासरावांना ‘लूज’ केले, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य समोर येते. शब्दकोशात ‘हरवणे’ हा पर्याय दिसतो आणि विद्यार्थी लिहितो, ‘मराठ्यांनी पानिपतात विश्वासरावांना हरवले.’ व्याकरण बिनचूक आहे. अर्थ मात्र असा झाला की मराठ्यांनी आपल्याच पेशव्याच्या मुलाचा पराभव केला. शब्दकोशाने पर्याय दिला, पण तो कोणत्या अर्थाचा हे सांगितले नाही. या पाठात टीका आहे ती शब्दाला शब्द जोडण्याच्या या पद्धतीवर.

१. चार वेगळ्या गोष्टी

इंग्रजी ‘लॉस’मध्ये किमान चार गोष्टी एकत्र राहतात.

(अ) पराभव : सामना, निवडणूक किंवा लढाई हरणे.
(आ) हरवणे : किल्ली, वाट किंवा माणूस न सापडणे.
(इ) मृत्यू : घरातले माणूस जाणे. सांत्वन करतानाही इंग्रजीत ‘लॉस’च म्हणतात.
(ई) तोटा : व्यापारात बूड येणे.

मराठीत यांना बहुधा वेगळे शब्द आहेत : हरणे, हरवणे, जाणे, तोटा. तरी मराठीतही गुंता आहेच. ‘मी हरलो’ आणि ‘मी हरवलो’ यांत एका अक्षराचा फरक आहे. ‘मी त्याला हरवले’ म्हणजे जिंकलो. ‘तो हरवला’ म्हणजे सापडत नाही. ‘गमावणे’ मात्र बऱ्याच ठिकाणी चालते : सामना, पैसा, प्राण, मुलगा. म्हणून वरच्या वाक्याचे योग्य भाषांतर ‘मराठ्यांनी पानिपतात विश्वासरावांना गमावले’ किंवा अधिक सरळ ‘विश्वासराव पानिपतात पडले’ असे होईल.

इंग्रजी ‘लूज’चे आणखीही प्रयोग आहेत. वाट चुकते, धीर सुटतो, भान हरपते, वेळ वाया जातो, वजन उतरते, घड्याळ मागे पडते. या सहाही ठिकाणी इंग्रजी एकाच क्रियापदावर भागवते.

२. तिसरी साक्ष : तुर्की

दोनच भाषा समोर असतील तर वाटते की एक भाषा ‘बरोबर’ आणि दुसरी ‘अपुरी’. तिसरी भाषा आणली की हा भ्रम जातो. येथे तुर्की घेऊ. तिचे आपल्याशी दूरचे नाते आहे, कारण फारसीच्या दरबारी वापरातून अरबी आणि तुर्की शब्द मराठीत आले. पानिपतात ज्या तोफा धडाडल्या, त्यांचा ‘तोफ’ हा शब्द तुर्की ‘तोप’शी जोडलेला आहे, तुर्कीत त्याचा अर्थ चेंडूही होतो आणि तोफही.

आता ‘लूज’चे तुर्की पर्याय पाहा.

– सामना हरणे, किल्ली हरवणे : दोन्हींना ‘कायबेत्मेक’. 
– दुसऱ्याकडून हरणे : ‘येनिल्मेक’ हा वेगळा शब्द.
– धंद्यात तोटा होणे : ‘झरार एत्मेक’.
– सैन्याची हानी : ‘झायिआत’. हिंदी-उर्दूतील ‘जाया’ (वाया गेलेले) याच अरबी घराण्यातला.
– दाणादाण, सपशेल पराभव : ‘बोझगुन’ किंवा ‘हेझिमेत’. मराठीत ‘त्यांचे पानिपत झाले’ म्हणतो, त्याच्या जवळचे हे शब्द.
– वजन उतरणे : ‘किलो वेर्मेक’, म्हणजे शब्दशः ‘किलो देणे’.
– घड्याळ मागे पडणे : ‘गेरी काल्माक’, म्हणजे मागे राहणे. येथे तुर्की आणि मराठी जवळजवळ एकसारखा विचार करतात. इंग्रजी एकटी पडते.

सर्वांत महत्त्वाची जोडी अशी : ‘कायबेत्मेक’ म्हणजे गमावणे आणि ‘कायबोल्माक’ म्हणजे हरवणे, नाहीसे होणे. दोन्हींच्या मुळाशी ‘कायिप’ आहे. आपला ‘गायब’ आणि हा ‘कायिप’ एकाच अरबी धातूपासून आलेले आहेत. तुर्कीत ‘कोजासिनी कायबेत्ती’ म्हटले तर ऐकणारा साधारणपणे समजतो की तिचा नवरा वारला. ‘कोजासी कायबोल्दु’ म्हटले तर तिचा नवरा बेपत्ता झाला. शब्दाचे मूळ एकच, पण शेवट बदलला की एका बाईचे आयुष्य बदलते. हे केवळ व्याकरण नाही, हे पानिपतानंतर पुण्यात दिसले.

३. पार्वतीबाई : गेले की हरवले?

लढाईत विश्वासराव ठार झाले. त्यांच्या मृत्यूबद्दल शंका उरली नाही. सदाशिवराव भाऊंचे तसे झाले नाही. शुजाउद्दौलाच्या पदरी असलेल्या काशिराज पंडितांच्या फारसी वृत्तांतात भाऊंचे शीर नसलेले धड सापडल्याची आणि अंत्यसंस्कार झाल्याची हकीकत आहे. पण ओळख खुणांवरून पटवलेली होती, आणि पुण्यात सर्वांचे समाधान झाले नाही.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणभूमीवरून जिवंत परतल्या. पती वारले हे त्यांनी मान्य केले नाही आणि सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. १७८३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत हा प्रश्न त्यांच्यापुरता उघडाच राहिला. इंग्रजीत त्यांच्याबद्दल ‘लॉस्ट’ असे एका शब्दात लिहिता येते आणि वाक्य संपते. मराठीत लिहिताना ठरवावे लागते : त्यांचे पती ‘गेले’ की ‘हरवले’? इतिहासकार पहिला शब्द लिहील. पार्वतीबाईंनी दुसरा धरला. भाषांतरकाराने नकळत पहिला लिहिला, तर त्यांची बावीस वर्षांची भूमिका एका क्रियापदाने पुसली जाते.

या शंकेची राजकीय किंमतही मोजावी लागली. स्वतःला भाऊ म्हणवणारा एक तोतया पुढे आला, काही लोक त्याला मिळाले आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. ‘गायब’ या शब्दात परत येण्याची शक्यता असते. ‘मेला’ या शब्दात ती नसते. तोतयाचे बळ या दोन शब्दांमधल्या फटीत होते.

४. व्यापाऱ्याच्या भाषेतला मृत्यू

लढाईची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सांकेतिक निरोपातून कळली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित चिल्लर, एवढाच त्यात हिशेब होता. मोती म्हणजे भाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, चिल्लर म्हणजे सामान्य शिपाई. येथे मृत्यूचा अर्थ तोट्याच्या शब्दांत लपवला आहे. वर सांगितलेल्या (इ)ला (ई)चे कपडे घातले आहेत, आणि तेही जाणूनबुजून. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेबांचे पर्वतीवर निधन झाले.

ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासामुळे हा निरोप सर्वदूर गेला. त्यात मोती ‘विरघळतात’ आणि मोहरा ‘लॉस्ट’ होतात. मराठीत हा निरोप सांगताना मोती ‘गळतात’. हिंदी ‘गलना’ म्हणजे वितळणे, विरघळणे. मराठी ‘गळणे’ म्हणजे पाने गळणे, माळेतून मणी गळणे. इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे द्रवात नाहीसा होणारा मोती येतो, मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तुटलेली माळ येते. माझ्या मते दुसरे चित्र येथे अधिक बोलके आहे, कारण माळ तुटली की उरलेले मणीही विखुरतात. लढाईत विश्वासराव पडल्यानंतर नेमके तेच झाले.

मराठीत चिल्लरीसाठी ‘खुर्दा’ हा शब्द येतो. त्याचा एक अर्थ सुटी नाणी, दुसरा चक्काचूर : ‘खुर्दा उडवणे’. इंग्रजीत ‘चांदी आणि तांबे’ लिहिले की नाण्याचा अर्थ राहतो, चक्काचूर निघून जातो. ग्रँट डफ यांचे भाषांतर चूक नाही. ते हिशेब नीट पोचवते, पण हिशेबाखालचा आकांत मराठी शब्दांत अधिक ऐकू येतो.

या रूपकाला दुसरी बाजूही आहे. त्यात भाऊ आणि विश्वासराव मोजले गेले, सरदार मोजले गेले. शिपाई, बाजारबुणगे आणि यात्रेकरू मोजण्यापलीकडे राहिले. तोट्याची भाषा माणसांची किंमत लावते, आणि ज्यांची किंमत कमी त्यांची गणती होत नाही.

५. आजची ‘जीवितहानी’

हीच भाषा आज आपल्या वर्तमानपत्रांत आहे. पूर आला की ‘जीवित व वित्तहानी’ लिहितात. ‘लॉस ऑफ लाइफ’ची ही नक्कल सोयीची आहे, पण तिने जीव आणि पैसा एकाच ‘हानी’च्या वहीत मांडले. ‘सात माणसे मेली, घरे पडली’ असे लिहिता येते, आणि ते वाचणाऱ्याला लवकर कळते. बेपत्ता माणसांची गोष्ट आणखी नाजूक. दरड कोसळल्यानंतर सापडत नसलेल्या माणसांना घाईने ‘हानी’त धरले, तर त्यांच्या घरच्यांची अवस्था पार्वतीबाईंसारखी होते.

तुर्कीत सांत्वनाला ‘बाशिनिझ साअ ओल्सुन’ म्हणतात. शब्दशः, तुमचे मस्तक सलामत राहो. त्यात गेलेल्याचा हिशेब नाही, मागे राहिलेल्याची काळजी आहे. मराठीत आपण ‘ऐकून फार वाईट वाटले’ म्हणतो. ‘तुमच्या नुकसानाबद्दल खेद आहे’ हे मराठी नव्हे.

समारोप

एका शब्दाला एक पर्याय नसतो. एका अर्थाला पर्याय असतो. ‘लॉस’ समोर आला की आधी चार प्रश्न विचारा : कोणी हरले? काही हरवले? कोणी मेले? काही तोटा झाला? उत्तर मिळाल्यावरच मराठी शब्द निवडा.

‘विश्वास तर पानिपतात गेला’ असे मराठी माणूस आजही थट्टेने म्हणतो. या ‘गेला’मध्ये माणूस मेल्याचा आणि भरवसा उडाल्याचा असे दोन्ही अर्थ एकदम आहेत. हे वाक्य इंग्रजीत नेताना विश्वासराव हे नाव आणि विश्वास हा गुण, दोन्ही सोबत नेता येणार नाहीत. काय सोडायचे हे भाषांतरकाराला ठरवावे लागते, आणि ते जाणून ठरवावे, एवढेच या पाठाचे मागणे आहे.

स्वाध्याय

१. ‘हरणे’, ‘हरवणे’ आणि ‘गमावणे’ यांचा प्रत्येकी दोन वाक्यांत उपयोग करा व अर्थभेद सांगा.
२. ‘कायबेत्मेक’ आणि ‘कायबोल्माक’ यांसारखी जोडी तुमच्या मातृभाषेत आहे का? उदाहरण द्या.
३. ‘गळणे’ या क्रियापदाचे चार अर्थ लिहा. मोत्यांच्या निरोपात कोणता अर्थ बसतो? कारण द्या.
४. एखाद्या बातमीतील ‘जीवितहानी’ हा शब्द काढून ती बातमी पुन्हा लिहा. वाचणाऱ्याच्या दृष्टीने काय बदलले?